गणपतीत टीव्हीच्या कार्यक्रमांचं विडंबन केलं, पण मागच्या वर्षी पडलं. काय चुकलं असेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचं मंडळ. मागच्या गणपतीत पोट्ट्यांनी दोन विडंबनं यूट्यूबवर पाहून जशीच्या तशी उतरवून घेतली. पहिली दोन मिनिटं लोक हसले, मग बाया उठून गेल्या आणि मागून शिट्ट्या सुरू झाल्या. यंदा 40 मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे. सहा मुलं, दोन मुली, दोन कॉर्डलेस माइक आणि 20 बाय 16 फुटांचा स्टेज एवढं हाताशी आहे. "आमचे कलाकार कच्चे आहेत, की गावाला विनोद समजत नाही?"

भाऊ, दोन्ही नाही. तुम्ही नकलेची नक्कल केली, अडचण तिथं आहे. टीव्हीवरच्या विडंबनात जे हशे पिकतात, त्यातले निम्मे कागदावर नसतातच. 'चला हवा येऊ द्या' 2014 साली सुरू झालं. त्यात भाऊ कदम नुसते दारातून आत आले तरी लोक हसायचे. समोर खऱ्या सिनेमाचा खरा हिरो बसलेला असायचा आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जायचा. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्येही परीक्षकांची खळखळून दाद मधेमधे दिसते, म्हणून घरचा माणूसही हसतो. पडलेलं वाक्य संकलनात कापता येतं. तुमच्याकडे ओळखीचा नट नाही, पाहुणा नाही, क्लोजअप नाही, कात्रीही नाही. तेवढं वजा केल्यावर यूट्यूबवरून उतरवलेल्या वहीत उरतात ती सुकी वाक्यं. दोन मिनिटं लोक हसले ते तुमच्या पोट्ट्यांना कोट घातलेलं पाहून. ते हसू तेवढंच टिकतं.

म्हणून माझ्या हिशेबानं गावातल्या विडंबनाचं सूत्र एकच आहे: साचा टीव्हीचा, माल गावचा. साचा तंतोतंत आणि गंभीर ठेवायचा. त्याच्याशी खेळ करायचा नाही, डोळा मारायचा नाही. त्या भारदस्त साच्यात गावचा इतका बारीक माल भरायचा की साचाच हास्यास्पद दिसू लागेल. बहुतेक मंडळं नेमकं उलटं करतात. साचा मोडतोड करून दाखवतात आणि माल मात्र मुंबईचा ठेवतात, म्हणजे लोकल ट्रेन, फ्लॅट, बॉस, बायकोचं शॉपिंग. दारव्ह्याच्या बाजारात जाणाऱ्या बाईला त्यात आपलं काय दिसणार?

दूरदर्शनवर 1989 साली जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' लागायचा. दहाच भाग झाले, पण लोकांच्या ध्यानात राहिले. खर्च मामुली आणि विषय रोजचे: सरकारी मीटिंग, घरी आलेले पाहुणे, पीएचडीचा गाईड. श्रेयनामावलीसुद्धा थट्टेची असायची. शेवटी हिंदी सिनेमातल्या गाण्यांच्या चालीवर त्या विषयाचं गाणं यायचं, म्हणजे चाल सगळ्यांना पाठ आणि शब्द नवे. तीही साचा आणि मालाचीच गोष्ट.

आता साचा कोणता निवडायचा, हे गावावर अवलंबून आहे. घरोघरी रात्री आठ ते दहा काय लागतं हे बायांना विचारा, पोट्ट्यांना विचारू नका. पोट्टे मोबाइलवर रील पाहतात आणि तेच सगळं गाव पाहतं असं समजतात. दोन वर्षांपूर्वी बंद पडलेली मालिका घेऊ नका. त्यापेक्षा ज्याचे विधी वर्षानुवर्षं बदललेले नाहीत असा कार्यक्रम घ्या. 'कौन बनेगा करोडपती' जुलै 2000 मध्ये सुरू झालं आणि मधे खंड पडले तरी परत परत येत राहिलं. खुर्ची, चार पर्याय, फोन लावणं आणि उत्तर लॉक करणं आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. बातम्यांच्या चॅनलवरची भांडाभांडी आणि सासू-सुनेची मालिका हे आणखी दोन पक्के साचे. तीन पुरेत. 40 मिनिटांत सहा कार्यक्रमांचं विडंबन करू गेलात तर प्रत्येक वेळी साचा उभा करण्यातच दोन मिनिटं जातील.

साचा पकडण्याची रीत सोपी, पण कंटाळवाणी आहे. त्या कार्यक्रमाचे तीन भाग वही घेऊन पाहा. दर भागात हमखास घडणाऱ्या गोष्टी क्रमानं लिहा. साधारण दहा-बारा निघतील, त्यातल्या पाच ठेवा. करोडपतीच्या पाच अशा: सूत्रसंचालकाचं लांबलचक स्वागत, स्पर्धकाच्या घरची हळवी कहाणी, प्रश्न आणि चार पर्याय, मदतीचा फोन, लॉक. या पाचही गोष्टी मूळ क्रमानं आणि मूळ गांभीर्यानं यायलाच हव्यात. मग प्रत्येकीत गावचा एक दाणा टाकायचा. कसा, ते या तुकड्यात पाहा (ई-पीक पाहणी म्हणजे कास्तकारानं मोबाइलवरून करायची पिकाची नोंद):

सूत्रसंचालक: पुढचा प्रश्न 40 हजार रुपयांसाठी. ई-पीक पाहणीचा फोटो कुठून पाठवला जातो? अ, बांधावरून. ब, शेताच्या मध्यभागी उभं राहून. क, घरी बसून. ड, निंबाच्या झाडावरून.
गडी: कागदावरचं सांगू का खरं सांगू?
सूत्रसंचालक: अचूक उत्तर सांगावं.
गडी: कागदावर तं ब हाये.
सूत्रसंचालक: आपल्याला खात्री आहे?
गडी: नाही जी. शेजाऱ्याले फोन लावा.
(रिंग. चार सेकंद शांतता.)
गडी: हालो! कुठं हायेस बे?
आवाज: झाडावर हाओ! लवकर बोल, फांदी लवून रायली.
गडी: ड.
सूत्रसंचालक: ड लॉक करू?
गडी: कुलूप कायले लावता जी? घरी बुढी हाये ना.

यात शाब्दिक कोटी एकच आहे, ती शेवटी. बाकीचं हसू दोन गोष्टींतून येतं. ई-पीक पाहणी 2021 च्या ऑगस्टात आली तेव्हापासून रेंजसाठी वावरभर फिरणं कास्तकाराला माहीत आहे. आणि सूत्रसंचालक एकदाही हसत नाही. त्याला झाडाचं काही वाटत नाही, तो आपला पर्याय वाचतो. हा माणूस हसला की स्किट मेलं म्हणून समजा. म्हणून सूत्रसंचालकाची भूमिका मंडळातल्या सगळ्यात विनोदी पोट्ट्याला देऊ नका. शाळेत बातम्या वाचणाऱ्या, खणखणीत आवाजाच्या मुलीला द्या. तुमच्याकडे दोन मुली आहेत आणि बहुतेक मागच्या वर्षी त्यांना 'बायको' एवढंच काम दिलं असेल.

भाषेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथंच विदर्भातली मंडळं फसतात. टीव्हीवर भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलले की महाराष्ट्र हसतो. तिथं ती बोली वेगळी उठून दिसते म्हणून चव येते. तुमच्या गावात सगळेच तसं बोलतात. तुमच्या मंडपात "काहून बे" म्हटल्यावर कोणी कशाला हसेल? तिथं उठून दिसते ती प्रमाण मराठी. म्हणून इस्त्रीची भाषा सूत्रसंचालकाच्या, निवेदिकेच्या, तज्ज्ञांच्या तोंडी द्या आणि वऱ्हाडी माणसाला शहाणा ठेवा. टीव्हीत वऱ्हाडी पात्र बरेचदा बावळट असतं. गावात तसं दाखवलं तर लोक आपल्यालाच हसल्यासारखं हसतात आणि ते हसू लवकर आंबट होतं. वरच्या तुकड्यात गडी एकदाही चुकत नाही, हे पाहा. तुम्ही भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडचे असता तर वऱ्हाडीऐवजी तिकडच्या झाडीबोलीच्या वळणावर लिहायला सांगितलं असतं. तिकडं दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावोगावच्या जत्रेत, दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं पाहायची सवय असते. तिथं एक प्रवेश 12 मिनिटं चालतो. यवतमाळकडच्या गणपतीत सात मिनिटांच्या वर जाऊ नका.

सात मिनिटं म्हणजे किती लिहायचं? हशासकट मिनिटाला 110 शब्द धरा, म्हणजे 750 ते 800 शब्द. वहीतलं सगळं मोठ्यानं वाचून घड्याळ लावा आणि त्यात चौथा हिस्सा मिळवा. वाचून साडेपाच मिनिटं भरली तर स्टेजवर सात होतील.

दोन माइकची अडचण खरी आहे, पण ती स्किट निवडतानाच सोडवायची असते. करोडपतीत दोघं बसलेले, दोन स्टँड, प्रश्न मिटला. फोनवरचा आवाज पडद्यामागून एका पत्र्याच्या डब्यात तोंड घालून मोठ्यानं द्यावा. आवाज फोनसारखाच येतो, फक्त आधी मागच्या रांगेत बसून ऐकून घ्या. बातम्यांच्या चर्चेत एक माइक निवेदिकेकडे आणि दुसरा चार तज्ज्ञांत मिळून. तज्ज्ञ तो एकमेकांकडून ओढतात, हाच खेळ. टीव्हीवरच्या चर्चेतही दुसरं काय चालतं? मालिकेच्या विडंबनात चार-पाच पात्रं हलती असतात, तिथं माइक हातात घेऊन भांडणं विद्रूप दिसतं. यावर उपाय डबिंगचा. दोघं जण स्टेजच्या कडेला माइक घेऊन बसतात आणि सगळ्यांचे आवाज देतात. नट फक्त तोंड हलवतात. ओठ आणि आवाज अर्धा सेकंद मागे-पुढे झाले तरी चालतं, उलट डब केलेल्या मालिकेसारखं दिसतं आणि तेही हसवतं. मात्र आवाज देणाऱ्यांची तोंडं नटांकडे हवीत, वहीकडे नाही. संवाद त्यांनाच आधी पाठ पाहिजेत.

माइक सूं करत असेल तर दोष बहुतेक वेळा माइकचा नसतो, जागेचा असतो. साउंडचे डबे स्टेजच्या पुढच्या कडेच्याही पुढे ठेवून तोंड लोकांकडे करा. कोणीही माइक घेऊन डब्याच्या पुढे उतरायचं नाही. जनरेटर स्टेजमागं नको, निदान शंभर फूट लांब हवा. कॉर्डलेसचे सेल कार्यक्रमाआधी नवे टाका. आरती, बक्षीसवाटप आणि भाषणांत जुने अर्धे संपलेले असतात.

बातम्यांच्या साच्यात दोन जागा सोन्यासारख्या आहेत. एक म्हणजे घटनास्थळावरचा वार्ताहर. निवेदिका प्रश्न विचारते, तो कानाला बोट लावून तीन सेकंद शून्यात बघतो आणि मग "अगदी बरोबर" म्हणून तोच प्रश्न परत सांगतो. त्याला गावच्या रस्त्यातल्या खड्ड्यात उभा करा, म्हणजे स्टेजखाली, नुसतं डोकं दिसेल असा. "आपण पाहू शकता, मी आत्ता रस्त्यावर आहे." दुसरी जागा म्हणजे खालची पळती पट्टी. दोन लहान पोरं हाताभर रुंद पांढरं कापड ताणून स्टेजभर चालत जातात, त्यावर एका वेळी चारच शब्द. अक्षराची उंची लोक किती लांब बसतात त्यावर ठरते: दर दहा फुटांना एक इंच. शेवटची रांग 80 फुटांवर असेल तर आठ इंची अक्षर. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी निवेदिकेनं ते मोठ्यानं वाचावं. "ब्रेकिंग! बैल दोरी तोडून सोयाबीनमध्ये!" आणि चार तज्ज्ञ बैलाच्या हेतूवर चर्चा करतात. बैल कोणाचा, हे शेवटपर्यंत कोणी विचारत नाही.

मालिकेत एकच हमखास जागा धरा, थापड. टीव्हीवर एक थापड तीन वेळा दाखवतात आणि घरातल्या सात जणांचे चेहरे एकेक करून जवळून दाखवतात. स्टेजवर नटानं खरंच तीन वेळा तेच करायचं, एका ठेक्यावर, आणि उरलेल्यांनी टॉर्च आपापल्या चेहऱ्यावर मारून दचकायचं. कारण मात्र क्षुल्लक हवं: अंबाडीच्या भाजीत मीठ कोणी जास्त टाकलं. ऐन थापडेच्या वेळी लाईन जाते. अंधारात सगळ्या सासू-सुना वैर विसरून गप्पा मारू लागतात, कोणाची पऱ्हाटी (कपाशी) कशी आहे, रात्रीच्या लाईनवर ओलितासाठी कोण गेलं. लाईन आली की पुन्हा हात वर, डोळे मोठे, थापड. इथं टीव्हीचं विडंबन आणि गावचं जगणं एकाच जागी भेटतं, म्हणून हे स्किट शेवटून दुसरं ठेवा, त्यासाठी बाया थांबतात. खरे दिवे मात्र पाच सेकंदांच्या वर बंद ठेवू नका, अंधार वाढला की पोरं किंचाळतात आणि गप्पा ऐकू येत नाहीत. दिवेवाल्याला खूण आधी ठरवून द्या. गप्पा सुरू होताच एक मंद दिवा लावला तरी लोक अंधार मानून घेतात.

इथपर्यंतचा हिशेब असा: करोडपती, बातम्या, मालिका, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे 21. मध्ये कपडे बदलायला दीड-दोन मिनिटं लागतात आणि त्या वेळात रिकामं स्टेज म्हणजे शिट्ट्यांना आमंत्रण. तिथं एकेक मिनिटाच्या जाहिराती टाका, टीव्हीवरही ब्रेक असतोच. एक जाहिरात अशी: युरियाची 45 किलोची बॅग, "फक्त 266 रुपये 50 पैशांत!" असं गोड आवाजात, आणि मग गिऱ्हाईकाच्या डोक्यावर एकेक करून लिंकिंगचा, म्हणजे खतासोबत गळ्यात मारलेला, माल चढत जातो. सूक्ष्म खत, बुरशीनाशक, टॉनिक, कॅलेंडर. शेवटी बॅग द्यायची राहूनच जाते. दुकानाचं नाव नको, पाटी नको. ज्याला समजायचं त्याला समजतं. अशा तीन-चार जाहिराती आणि सुरुवातीची ओळख धरून साधारण 27-28 मिनिटं होतात. तेवढंच ठेवा. 40 चा आग्रह कोणाचा आहे माहीत नाही, पण लोकांचा नसणार.

कशाला हात लावायचा नाही तेही स्पष्ट सांगतो. पात्रांना आडनाव देऊ नका. खेड्यात आडनाव म्हणजे जात, आणि थट्टा कार्यक्रमाची राहत नाही, कोणत्या आळीनं कोणत्या आळीची केली यावर जाते. पाळण्यातलं नाव द्या आणि तेही मतदार यादीत पाहून गावात नसलेलं द्या. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच चालतील, पण खुर्ची दाखवा, माणूस नाही. त्याचं चालणं, त्याचं तोतरं बोलणं, त्याच्या घरचं काही नको. सरपंचाला संहिता वाचायला देऊ नका, पण "तुमच्या खुर्चीवर दोन वाक्यं आहेत" एवढं आधी सांगा आणि त्यातलं एक वाक्य त्याला जिंकू द्या. आत्महत्या हा विषय कोणत्याही निमित्तानं नको. आपल्या जिल्ह्यात ते घर समोरच्याच सतरंजीवर बसलेलं असू शकतं. साडी नेसलेला मुलगा चालेल, दंडार आणि खडी गंमतीत ती जुनीच रीत आहे. पण साडीवरचं हसू अर्ध्या मिनिटात ओसरतं, पुढं त्यानं खरी बाई उभी करायची असते, कंबर हलवायची नसते.

तालमीला दहा दिवस धरा. चौथ्या दिवशी कागद हातातून काढून घ्या. सहाव्या दिवशी कोणाच्या तरी ओसरीवर पाच-सहा बायांसमोर पूर्ण करून दाखवा. लहान पोरं बसवू नका, ती कशालाही हसतात आणि तुमचा अंदाज चुकवतात. एकानं वही घेऊन बाजूला बसावं आणि जिथं हशा आला तिथं खूण करावी. दोनदा करून ज्या वाक्याला एकही खूण नाही ते काढून टाका, लिहिणारा कितीही रुसला तरी. पानाला चार खुणा असतील तर स्किट उभं राहील. या तालमीत आणखी एक सवय लावायची: हशा आला की थांबायचं, तो ओसरू लागला की पुढचं वाक्य, पूर्ण विरेपर्यंत नाही. आणि स्वतः हसायचं नाही. टीव्हीवर नट मध्येच फुटतो ते गोड वाटतं, कारण कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापाशी असतो. 60 फुटांवरून तेच गडबडल्यासारखं दिसतं.

यूट्यूबवर टाकण्याबद्दलही विचारलं आहे. टाकायचं असेल तर मूळ कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत वाजवू नका, यंत्र ते लगेच ओळखतं आणि व्हिडिओवर दावा येतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात टीका किंवा समीक्षेसाठी वापराची सूट आहे, पण 'विडंबन' असा शब्द तिथं नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. पेटीवर त्याच ढंगाची चार सुरांची आपली धून बसवा, लोकांना पुरेसं समजतं. लाउडस्पीकरचा नियम रात्री 10 चा. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं, त्यात तुमचा दिवस बसतो का ते ठाण्यात विचारून ठेवा. बसत नसेल तर आरती साडेसातला उरकून आठला पडदा उघडा, भाषणं दुसऱ्या दिवशी.

राहिला शेवट. टीव्हीवर दिवे विझतात नाहीतर संगीत वाढतं, तुमच्याकडे दोन्ही धड होत नाही आणि स्किट लोंबकळतं. तुमच्यापाशी त्याहून पक्की वस्तू आहे, झडती, म्हणजे पोळ्यात मोठ्यानं म्हणतात ते यमकाचं कवन. पोळा होऊन चारच दिवस झालेले असतात, तोरणाखालच्या झडत्या लोकांच्या कानात असतात. म्हणून बातम्यांचं स्किट शेवटी ठेवा. चर्चा शिगेला पोचली, सगळे एकदम ओरडताहेत, आणि खड्ड्यातला वार्ताहर पहिल्यांदाच कानावरचं बोट काढतो, वर चढतो, माइक ओढून घेतो:

"आभाळ आलं, गडगडलं, सर्वर तिथंच अडखळलं,
फारम भरता भरता बावा सोयाबीन सारं झडलं...
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

इथं थांबून माइक लोकांकडे करायचा. पुढचं "हर हर महादेव" मंडप म्हणतो. तो आवाज चालू असतानाच सगळ्यांनी उतरायचं, आणि आभार मानायला कोणालाही वर पाठवू नका.